शेवटच्या पॉइंटवरून कोण परतलं?

विश्वास ठेवाच, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या आत्याला रचून काही सांगता येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. साधा विनोद सांगायला घेतला तरी ती शेवट आधी सांगून मोकळी होते. म्हणून तिने हे सांगितलं तेव्हा मी हसले नाही.

गोष्ट गेल्या ऑक्टोबरातली. शेवटचा रविवार.

आमच्या कोलोरॅडोत एका खोल दरीच्या कडेने रस्ता जातो. दरीचं नाव मुद्दाम सांगत नाही, आमची माणसं अजून तिथे जातात. तो रस्ता पुढे कुठेच पोचत नाही. एकेक पॉइंट बघत जायचं, शेवटच्या पॉइंटवर वळायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. बर्फ पडला की फाटक बंद, ते थेट वसंतात उघडणार.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. भुताखेतांची वेळच नव्हती ती.

आत्याचं नाव डेल्फिना. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. लग्न केलं नव्हतं. साठीला टेकता टेकता, त्याच वर्षी मे महिन्यात, एलिसेओशी केलं. एलिसेओ बिजवर. त्याची पहिली बायको व्हायोला कॅन्सरने गेली होती. आत्याने आपलं घर विकलं आणि त्याच्या घरी राहायला गेली.

तेव्हा माझी आई तिला म्हणाली होती, "बिजवर म्हणजे सेकंडहँड गाडी, डेल्फिना. आधीच्या मालकिणीने लावलेला आरसा पहिल्यांदा सरळ करून घे."

आत्या हसली होती. पण आरसा काही सरळ होईना.

एलिसेओ वाईट नव्हता. दारू नाही, आरडाओरडा नाही. फक्त बोलता बोलता मध्येच थांबायचा. कोणाचं तरी ऐकत असल्यासारखा. आत्याला मग एकच गोष्ट खायला उठायची. या घरात आपण बायको आहोत की पाहुणी?

म्हणून तो स्वतःहून म्हणाला, "फाटक बंद व्हायच्या आत दरी बघून येऊ," तेव्हा ती लहान मुलीसारखी खूश झाली. पहाटे उठून पोळीत सारण भरून हिरव्या मिरचीचे बरितो केले, फॉइलमध्ये गुंडाळले, कॉफी भरून घेतली.

निघताना तिने कोट मागच्या सीटवर टाकला.

"मागे नको," एलिसेओ म्हणाला. "डिकीत ठेव."

"का? मागे कोण बसणारे?"

तो स्वतःच कोट उचलून डिकीत ठेवून आला.

पहिल्या पॉइंटवर गाडी लावली. दोघं उतरले. आत्या कठड्याकडे निघाली आणि सहज मागे वळली.

एलिसेओने गाडीचं मागचं दार उघडलं होतं.

आतून काही काढलं नाही. आत काही ठेवलं नाही. नुसता दार धरून उभा राहिला... मग हळूच लावलं.

'विसरला असेल काहीतरी,' आत्याने मनाशी म्हटलं.

तिथे मिनेसोटाहून आलेलं एक जोडपं होतं, नॉर्मन आणि बेव्ह. दोघांची जॅकेटं सारखी आणि नॉर्मनच्या गळ्यात धोंड्याएवढा कॅमेरा. अशा रस्त्यावर तीच तीच माणसं प्रत्येक पॉइंटवर भेटत राहतात. एकमेकांचे फोटो काढायचे, पुढे जायचं. नॉर्मनने आत्या आणि एलिसेओला कठड्यापाशी उभं केलं.

"अहो, भांडून आलात की काय? जवळ या की जरा!"

आत्या सरकली. एलिसेओही सरकला... पण लांब. दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा त्याने तशीच ठेवली.

"असाच काढा," तो म्हणाला.

आत्याच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या पॉइंटवर तेच. मागचं दार उघडलं, थांबला, लावलं. परत गाडीत बसतानाही तसंच. तिसऱ्या पॉइंटवर आत्या मुद्दाम उतरली नाही. आरशातून बघत राहिली. दार उघडं असताना एलिसेओचे ओठ हलत होते.

गाडी पुन्हा निघाली.

आणि मागून आवाज आला...

टक्.

पट्टा लावल्याचा आवाज. रोजचाच. आत्याने वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. आणि रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता.

"मीच लावलाय मघाशी," एलिसेओ म्हणाला. त्याने मान वळवलीसुद्धा नव्हती. "खुळखुळतो तो."

"मी तर काही विचारलंच नाही," आत्या म्हणाली.

पुढच्या पॉइंटवर तिने गाडीची किल्लीच काढून घेतली.

"सांगितल्याशिवाय मिळणार नाही. मागे कोण आहे, एलिसेओ?"

"व्हायोला," तो समोर बघत म्हणाला.

आमच्याकडे मरणाऱ्याला दिलेला शब्द म्हणजे देवाला बोललेला नवस. फेडला नाही तर गेलेलं माणूस वाट बघत बसतं. आणि ज्याने शब्द दिला त्यानेच तो फेडायचा, एकट्याने. सोबतीला कोणाला न्यायचं नसतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

व्हायोलाला ही दरी बघायची होती. एलिसेओ बटाट्याच्या गोदामात कामाला. ऑक्टोबर म्हणजे मरणाची घाई. दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. मग ती अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. आणि ती गेली.

"शेवटच्या पॉइंटवर तिला सोडतो," तो म्हणाला. "मग संपलं सगळं. मग आपण दोघंच."

"मग मला कशाला आणलंस? एकट्याने यायचं असतं ना?"

"मला एकट्याला भीती वाटत होती गं."

आत्याला रडू आलं आणि संतापही आला. "म्हणजे मी सोबत! तुझ्या बायकोला फिरवायला माझी सोबत! बरितो पण तिच्यासाठीच करून घेतलेस का रे?"

तिने किल्ली त्याच्या मांडीवर फेकली.

शेवटच्या पॉइंटवर दुसरी गाडी नव्हती. ऊन उतरायला लागलं होतं, वारा सुटला होता. आत्या बाजूच्या बाकावर जाऊन बसली.

"जा. दाखव तिला. मी इथेच थांबते."

एलिसेओ दरीच्या टोकाशी गेला. कठड्याला टेकून उभा राहिला. आत्याला त्याची पाठ दिसत होती. एकदा त्याने हात लांब करून खाली काहीतरी दाखवलं. मान वाकडी करून ऐकलं. आणि हसला... लग्न झाल्यापासून आत्याने त्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

मग तो वळला आणि सरळ गाडीकडे चालू लागला. बाकाकडे बघितलंसुद्धा नाही.

या वेळी त्याने मागचं दार उघडलं नाही.

पुढचं उघडलं. आत्याचं.

दार धरून उभा राहिला... आणि हळूच लावलं.

फिरून आपल्या जागी बसला. गाडी सुरू झाली.

"एलिसेओ!"

आत्या धावत सुटली. घसा फुटेस्तोवर ओरडली. गाडी तिच्या समोरून गेली. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसलं नाही. एलिसेओ मात्र दिसला. शेजारच्या सीटकडे बघून तो मान डोलावत होता.

गाडी वळणाआड गेली.

आत्याचा कोट डिकीत, फोन गाडीत. हात गार पडले होते. ती रस्त्यातच उभी राहिली.

थोड्या वेळाने नॉर्मन आणि बेव्हची गाडी आली. आत्याला बघून नॉर्मनने करकचून ब्रेक मारला. बेव्हने काच खाली केली, तीसुद्धा चार बोटंच.

"तुम्ही?" बेव्ह म्हणाली. "अहो, पण आत्ताच तर तुमची गाडी आम्हाला भेटली..."

"नवरा मला सोडून गेला."

बेव्हने नॉर्मनकडे पाहिलं. नॉर्मन आत्याला नखशिखांत न्याहाळत होता. दाराचं कुलूप काही उघडेना.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही त्यांच्या शेजारीच बसला होतात. आम्हाला हात केलात तुम्ही."

"मी हात केला नाही."

नॉर्मनने कॅमेऱ्यात सकाळचे फोटो उघडले. फोटो बघायचा, आत्याकडे बघायचा. शेवटी बेव्हलाच दया आली. त्यांनी आत्याला मागे बसवलं. पण फाटकापर्यंत बेव्ह आरशातून तिच्यावर डोळा ठेवून होती. गंमत बघा, दिवसभर आत्या ज्या नजरेने मागच्या सीटकडे बघत होती, तीच नजर आता तिच्यावर.

फाटकाशी एलिसेओची गाडी उभी होती. तो बाहेर उभा होता, निवांत, शीळ घालत.

आत्या गाडीतून उतरली. त्याने तिला पाहिलं आणि शीळ थांबली. तो तिच्याकडे धावला नाही. आधी त्याने आपल्या गाडीची पुढची सीट पाहिली. मग फाटकाजवळच्या संडासाकडे पाहिलं.

"तू... तू तर आत्ता आत गेलीस," तो म्हणाला.

संडासाचं दार बंद होतं.

चौघंही त्या दाराकडे बघत राहिले. कोणी हलेना. शेवटी नॉर्मनने पुढे होऊन दार ढकललं...

आत कोणी नव्हतं. दुसरं दार नाही, खिडकी नाही.

नॉर्मन आणि बेव्ह निरोपसुद्धा न घेता निघून गेले.

घरी येताना आत्याने विचारलं, "वाटभर ती काय बोलली?"

"तूच बोलत होतीस," तो म्हणाला. "तुझाच आवाज. म्हणालीस, झालं गेलं, मी माफ केलं तुला. आता आपल्या घरी जाऊ."

आत्या मला म्हणाली, "अगं, मी त्याला माफ केलंच नव्हतं. आणि ते घर मी अजून कधी आपलं म्हटलेलं नाही."

आता ते दोघं एकाच घरात राहतात. तो तिला जपतो, कामात मदत करतो. पण मध्येच, भाजी चिरताना, टीव्ही बघताना, काहीतरी विचारतो. आपल्या लग्नात तुझ्या भावाने कुठलं गाणं म्हटलं होतं? तू शाळेत पहिल्या दिवशी काय शिजवलं होतंस? आत्याला कळतं. घरात कोण परत आलंय, ते तो तपासतोय.

ती दर वेळी बरोबर उत्तर देते.

उत्तर ऐकून तो मान हलवतो. आणि एक लांब श्वास सोडतो.

"तो श्वास सुटकेचा की निराशेचा, ते मला कळत नाही गं," आत्या म्हणाली. "आणि विचारायची हिंमत होत नाही."