गुणाजी तांडेलाचं रंगीत ठिगळ

"शेळीनंच खाल्लं!" शकूच्या मैत्रिणीनं, काशीनं, निकाल देऊन टाकला.

"रंगाचं कापड खाल्लं असतं तर शेळीचं तोंड निळं व्हायला नको?" काशीचा मोठा भाऊ सदू म्हणाला. "दाखव बघू मला एक तरी निळ्या तोंडाची शेळी!"

शकू मात्र घरासमोरच्या ओट्याकडे टक लावून बघत होती. ओट्यावर चार दगड तेवढे जागच्या जागी होते आणि त्यांच्याखालचं चित्र गायब होतं. राखण तिची होती. शिवदास मास्तरांनी सकाळी अलिबागला जाताना बजावलं होतं, "शकू, चित्र वाऱ्याला टाकलंय. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेव. उद्या ते घेऊन रेवसला मुंबईची लाँच गाठायची आहे मला." आणि ही बया भर दुपारी जांभळं पाडायला गेली होती!

शिवदास होते मुंबईचे चित्रकार. मास्तरबिस्तर ते कधीच नव्हते, पण हातात पेन्सिल दिसली की थळच्या कोळीवाड्यात माणसाचा मास्तर होतो. शकूच्या घराच्या पडवीत राहून दोन महिने ते एकच चित्र रंगवत होते. आणि चित्र तरी कसलं? त्यात ना होडी, ना माड, ना देव! निळ्याच्या चार तऱ्हा, मध्ये हळदीसारखा एक पट्टा आणि खालच्या कोपऱ्यात काळसर काहीतरी. सारा कोळीवाडा पोट धरधरून हसला होता. शकूचा आजा गुणाजी, होडीचा तांडेल म्हणजे कप्तानच, तर त्याला 'मास्तरांचं कुंचला पुसायचं फडकं' म्हणायचा.

शकूनंही पहिल्या दिवशी विचारलं होतं, "हे कशाचं चित्र, मास्तर?"

"कशाचंच नाही. नुसतं बघत बस," ते म्हणाले होते.

ती बसली. नजर एका निळ्यातून दुसऱ्या निळ्यात आपोआप सरकत गेली, पिवळ्यापाशी थबकली, आणि कुठल्यातरी कधी न पाहिलेल्या जागी आपण येऊन पोचलोय असं तिला वाटलं. आईनं तीन हाका मारल्या तेव्हा कुठे ती भानावर आली. मग सुट्टीभर ती रोज तिथे जाऊन बसायची. हे चित्र मुंबईच्या प्रदर्शनात लागलं नाही, तर मास्तर रंगांची पेटी कायमची बंद करून मामाच्या कचेरीत कारकुनी धरणार होते. घरच्यांना तसा शब्दच देऊन आले होते ते. आठवून शकूला रडू फुटायला लागलं.

"हे बघा!" सदूनं ओट्याखालून मेण लावलेला जाड दोरा उचलला. "शीड शिवायचा दोरा!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि किनाऱ्याकडे धूम ठोकली.

ऊन कलतं झालं होतं. खांदेरी बेटाच्या बाजूनं होड्या परतत होत्या, सगळ्यांची शिडं मळकी, एकसारखी. एवढ्यात गुणाजीची होडी वळली, तिच्या शिडावर ऊन पडलं आणि काशी किंचाळली, "ते बघ!"

मळक्या शिडावर मधोमध ते निळं चित्र होतं! वाऱ्यानं शीड फुगे तसा एक निळा दुसऱ्यात मिसळून जाई, पिवळा पट्टा क्षणभर उजळे आणि पुन्हा विझे. टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकासुद्धा बोलायच्या थांबल्या. आपण हरवलेली वस्तू शोधायला आलोय हे शकू पार विसरून गेली.

होडी वाळूला लागली तशी ती धावली. "आजा! ते मास्तरांचं चित्र हाय!"

"चित्र? अगो, फडकं व्हतं ते. कापड शिडाचंच, चांगलं जाड! शीड फाटलं व्हतं, दिलं ठिगळ."

"उसवून दे. मास्तर उद्या नेणार हायत!"

"न्हाय! फडक्यापायी चांगल्या शिडाला भोक पाडू व्हय?"

गुणाजी तांडेल एकदा 'न्हाय' म्हणाला की संपलंच. शकूनं डोळे पुसले. मग ती एकाएकी गोड आवाजात म्हणाली, "बरं आजा, फडकं तर फडकं. पण टाके वाकडे पडलेत. मी नीट शिवून देऊ?"

"शिव की!" म्हाताऱ्यानं खूश होऊन चिलीम काढली.

शीड वाळूवर उतरवलं. तिघांनी भराभर टाके उसवले. शकूनं कापड फिरवून खालची कड वर केली, चार टाके घातले आणि हाक मारली, "बघ आजा, झालं!"

गुणाजीनं पाहिलं. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे केली. "हे काय केलंस गो? उलटं लावलंस!"

"उलटं?"

"मंग! तो काळा वर चढून बसलाय, सगळा भार डोक्यावर! होडी कलंडल्यागत वाटतंय."

"पण आजा," शकू साळसूदपणे म्हणाली, "फडक्याला उलटं-सुलटं असतं व्हय?"

गुणाजीची चिलीम तोंडापाशीच थांबली. सदू खो खो हसत वाळूत लोळला. मग म्हाताराही हसला, पण जरा वेळानं हळूच म्हणाला, "खरं सांगू? येताना डोळं सारखं तिकडंच जात व्हतं. सुकाणू हातात, नि मी आपला त्या निळ्यात जाऊन बसलेला." आणि त्यानं स्वतःच ते चार टाके उसवून चित्र शकूच्या हातात दिलं.

इतक्यात अलिबागहून परतलेले मास्तर रिकामा ओटा बघून धापा टाकत आले. कडेला टाक्यांची भोकं, वर मिठाचे कण! शकूनं रडत रडत सगळं सांगितलं. ते चित्रापाशी गुडघ्यांवर बसले. "कोणी कोणी पाहिलं?"

"अख्ख्या कोळीवाड्यानं! आणि कुणीसुद्धा हसलं न्हाय!" काशी ओरडली.

मास्तरांचे डोळे भरून आले. सारा कोळीवाडा त्यांच्या चित्राला न हसण्याची ही पहिलीच वेळ होती.

"मास्तर, चुकलं माझं," गुणाजी म्हणाला. "लाँच ऱ्हाऊ द्या. पहाटच्या भरतीला मीच मुंबईला न्हेतो तुमाला."

"अहो गुणाजीबाबा, शिडाला भोक पडलंय ना?"

"पडू दे! भोकाभोवती शीड हाय की!" मग त्यानं शकूच्या डोक्यावर हात ठेवला. "ज्याला पाण्यातलं दिसतं त्याला आमी तांडेल म्हनतो. मला दर्यातलं दिसतं, पन ह्या कापडातलं माझ्याआधी हिला दिसलं."

कोळीवाड्यात आजवर कुठल्याही मुलीला कुणी तांडेल म्हटलं नव्हतं. शकूला आनंदानं नाचावंसं वाटलं. तरी तिनं भीत भीत विचारलं, "मग मी पण येऊ मुंबईला?"

"तर काय!" गुणाजी म्हणाला. "तांडेलाबिगर होडी हलते व्हय?"