उतरलेली पट्टी

शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. शाळा लवकर सुटली, तेवढं सांभाळून घ्या.

टेक्ससच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या गावात, शनिवारच्या नाचाचा हॉल आहे. दुपारी खिडक्या बंद असतात आणि आत शिळ्या बियरचा वास कोंडलेला असतो. बँडचा वादक एलिसेओ तिथे कीबोर्डवर रात्रीची गाणी क्रमाने लावत होता. प्रत्येक गाण्याचा टोन, ताल आणि पट्टी एकेका बटणावर साठवायची, म्हणजे एक गाणं संपताच एका बोटात पुढचं सुरू होतं.

आज ओतिलियाच्या पट्ट्या काढून नव्या गाणारीच्या, मारिसेलाच्या, घालायच्या होत्या.

ओतिलिया ही बँडमालक रोहेलिओची बायको. इतकी वर्षं तीच गायली. गळ्याला दुखणं लागल्यावर ती कापराचं मलम चोळत एलिसेओच्या कानाशी यायची. "अर्ध्या सुराने उतरव रे बाळा… त्यांना कळू देऊ नकोस."

पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत पडद्यावर उणे चारवर आली, तेव्हा रोहेलिओने भर नाचात माइकवरून विचारलं, "बाई गातेय की रेडा?" लोक पोट धरून हसले. त्यानंतर ती स्टेजवर चढली नाही. ईस्टरच्या आधी तिला पुरलं, आणि उन्हाळा सरायच्या आत मारिसेला आली. कोवळी पोर, टिपेचा गळा.

एलिसेओने पट्टी शून्यावर, म्हणजे मूळ सुरावर, आणून साठवली. गाण्याचं बटण दाबलं. पडद्यावर उणे पाच.

उणे पाच तर ओतिलियाने कधी मागितलंच नव्हतं.

पुन्हा शून्यावर आणली. पुन्हा बटण दाबलं. उणे सहा.

"बोटं स्वतःची आहेत की उसनी आणलीस?" बारपाशी बसलेला रोहेलिओ म्हणाला. मग माइकपाशी उभ्या मारिसेलाकडे वळला. "आणि पोरी, तुला जमत नसेल तर आत्ताच सांग. गाणाऱ्या पैशाला पासरी मिळतात."

"जमतंय, मालक," मारिसेला घाईने म्हणाली. "आहे त्याच पट्टीत गाते."

ती गायली. त्या खोल पट्टीत, अगदी सहज. बंद हॉलमध्ये कापराचा वास पसरू लागला. रोहेलिओचा ग्लास ओठांपाशीच थांबला.

"बंद कर," तो हळूच म्हणाला. "वायर काढ…"

एलिसेओने वायर ओढली. पडदा काळा झाला. मारिसेला मात्र डोळे मिटून गातच राहिली, आणखी खाली… आणखी खाली…

रात्री कीबोर्ड निमूट चालला. मारिसेला टिपेत गायली, लोक नाचले.

रविवारी सकाळी एलिसेओ बार्बाकोआचं मांस आणि गरम तोर्तिया घेऊन घरी आला, तर मारिसेला पायरीवर बसलेली. गळ्याला रुमाल, आवाज पार बसलेला.

"अर्ध्या सुराने उतरव रे बाळा…" ती कुजबुजली. एलिसेओ तिच्याहून चांगला सहा वर्षांनी मोठा होता. "त्यांना कळू देऊ नकोस."

त्याने खाणं ओट्यावर ठेवलं, कीबोर्ड लावला आणि पहिलं गाणं काढलं. पट्टी आधीच उतरलेली होती. उणे सात.

त्याने ती होती तशीच साठवली.