मशीनला लागलेलं रक्त

खरं सांगतो, हे लिहितानाही मी घरातले सगळे दिवे लावून बसलोय. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी तिथे होतो.

मे १९९६. धरणगाव.

माझा मोठा भाऊ लीलाधर डायबेटिसने गेला, त्याचा दहावा दिवस.

लीलाधर शाळेत विज्ञान शिकवायचा. मित्राने त्याला अमेरिकेहून साखर मोजायचं मशीन आणून दिलं होतं. तो कौतुकाने सांगायचा, पट्टीवरचं एन्झाइम रक्तातली साखर ओळखतं, त्यातून किंचित वीज तयार होते आणि मशीन ती मोजतं. मग ते वाजतं आणि आकडा दाखवतं. पट्टीला रक्त लागल्याशिवाय ते वाजतच नाही.

दिवेलागणीला, तो गेला त्या जागी आम्ही पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर टोपली पालथी घातली. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, त्याची खूण पिठावर उमटते म्हणतात. मी असल्या गोष्टींची टर उडवायचो.

सगळे ओसरीवर बसलो. लीलाधरची लहानगी हर्षा आत पडून होती. सारखं पाणी मागायची. बापाच्या दुःखाने पोर सुकली, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आणि...

पीं.

आवाज टोपलीखालून आला.

"कोन शे तठे?" आमचे काका, जीवरामआबा, कसेबसे बोलले.

मी टोपली उचलली.

पीठ जसंच्या तसं. त्यावर लीलाधरचं मशीन... पट्टीवर ओलं रक्त.

आकडा ४८०.

मशीन तर मी स्वतः कपाटात कुलूपबंद केलं होतं.

आबांनी सगळ्यांची बोटं तपासली. कुणालाच टोचलेलं नव्हतं.

वहिनी मात्र आतल्या दाराकडे बघत होती.

"भाऊ, हर्षाचं रक्त बघा."

मी पोरीचं बोट टोचलं. नवी पट्टी लावली.

४८०.

जीप करून जळगाव गाठलं. डॉक्टर म्हणाले, हिलाही डायबेटिस आहे, रात्र काढली असती तर पोर हाती लागली नसती. हर्षा वाचली. तिच्या बोटांवर टोचल्याची जागा एकच होती... मी टोचलेली.

मग पहिलं रक्त कुणाचं?

भावाला अग्नी मी माझ्या हातांनी दिलाय.

वहिनी म्हणते, मशीन गिरणेत सोडून या. दोनदा नदीपर्यंत गेलो आणि परत आलो. ते घरात असलं की मला झोप लागत नाही. पण फेकलं, आणि हर्षाला पुन्हा काही झालं... तर आम्हाला सांगणार कोण?