एकतिसावी कॅसेट

तिला वाटलं होतं, मामाची खोली उघडली की प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यासारखं होईल. फळीवर ओळीनं यंत्रं, प्रत्येकाखाली चिठ्ठी, कॅसेटी नंबरवार लावलेल्या. लांबच्या देशात पाच वर्षं राहून ती हेच शिकून आली होती, जुने कॉम्प्युटर आणि त्यांच्यावरचे जुने खेळ मरू कसे द्यायचे नाहीत ते. आणि दार उघडलं तेव्हा काय, तर ओल. भिंतीला पोपडे, की-बोर्डांवर बोटभर धूळ, एका यंत्राच्या पोटातली बॅटरी फुटून तिचं हिरवं पाणी झालेलं. कॅसेटी सगळ्या चपलांच्या एका खोक्यात.

बसा रे, बसा. तुमचा गेमचा डबा दुरुस्त झालाय, पण अर्धा तास चालू ठेवून बघू दे. घरी नेऊन बंद पडला तर पुन्हा उघडावा लागेल, आणि माझ्या डोळ्यांत आता तेवढा दम राहिला नाही. तोवर हे ऐका. ऐकीव नाही हं. ही मुलगी माझ्या माहितीतली. तिचा मामा माझा दोस्त, या समोरच्याच घरात वर राहायचा. एकटा जीव. शाळेत प्रयोगशाळेचं सामान सांभाळायचा आणि उरलेला सगळा वेळ त्या यंत्रांपाशी. गेला, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते.

घर विकलं गेलं होतं. बुधवारी सकाळी आठला भंगारवाला येणार, बाराला किल्ली नव्या मालकाच्या हातात. म्हणजे तिच्याकडे काय उरलं, तर मंगळवारची एक रात्र. बावीस नोव्हेंबर. संध्याकाळी सातला मीच कुलूप उघडून दिलं.

"एवढं सगळं कुठं नेणार गं?" मी विचारलं.

"न्यायचंच नाही काका. कॅसेटींवरचं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेते. मग तोच खेळ कुठेही चालतो. नव्या यंत्राला जुन्याचं सोंग घ्यायला शिकवता येतं."

"आणि ही यंत्रं?"

"ती नुसती खोकी. जीव प्रोग्रॅममध्ये असतो."

"मामानं ऐकलं असतं तर खोलीबाहेर काढलं असतं तुला."

"मामा मला कधी रागावलाय का?"

"तुला नाही. मला रोज."

हसली. अंगात उत्साह एवढा, की त्या ओलीतसुद्धा बाह्या सरसावून बसली.

आता तुम्हाला कॅसेटचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या काळी घरच्या कॉम्प्युटरला आठवण नसायची. बंद केला की सगळं पुसलं. म्हणून प्रोग्रॅम गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचा. लावून ऐकलं तर नुसती किर्रर्र शिट्टी. कुठली शिट्टी कशाची हे कळावं म्हणून तिचा मामा प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी स्वतःच्या आवाजात सांगून ठेवायचा, "हा साप. चौथी सुधारणा. ऐका." मग शिट्टी.

आणि कॅसेटच्या मागच्या कडेला एक टॅब असते. तुमचा हातात धरून बघायचा टॅब नव्हे, नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो मोडला की रेकॉर्डचं बटण दबतच नाही, म्हणजे आतलं चुकूनही पुसलं जात नाही. मामाची पद्धत अशी, की प्रोग्रॅम पूर्ण झाल्याशिवाय टॅब मोडायची नाही. झाला की अंगठ्याच्या नखानं कट्. तो तुकडा घेऊन माझ्या दुकानात यायचा, या टेबलाच्या खणात एक पत्र्याची डबी आहे, तिच्यात टाकायचा. "एक काम संपलं" म्हणायचा आणि माझ्याकडून चहा उपटायचा. एका कॅसेटवर एकच काम आणि एकच बाजू. दुसरी बाजू कोरी ठेवायचा.

खोक्यात एकतीस कॅसेटी होत्या. तिसांच्या टॅबा मोडलेल्या. एकीची शाबूत. तिच्यावर लिहिलेलं, 'बोगदा'.

तर ती बसली. मामाचाच जुना टेपरेकॉर्डर, त्याच्यातून वायर लॅपटॉपला. एक कॅसेट लावायची, अर्धा तास थांबायचं, असं केलं असतं तर रात्र पुरली नसती. पण बहुतेक प्रोग्रॅम पाच-सात मिनिटांचे. रेकॉर्डरच्या बटणांवरची अक्षरं झिजून गेलेली. प्लेचं बटण दाबताना तिचा अंगठा शेजारच्या रेकॉर्डच्या बटणावरही पडायचा. पण ते दबायचं नाही, टॅबा मोडलेल्या ना. दहाव्या कॅसेटपासून तिनं बघणंच सोडून दिलं. आंधळेपणानं दाबायची. सतराव्या कॅसेटपासून पाठ धरली. मामाचा आवाज येत राहिला. "हे घड्याळ. पहिली सुधारणा. ऐका." तरुण आवाज. मग पुढच्या कॅसेटींत जरा जाडसर. मग खोकणारा.

अकराला तिच्या आईचा फोन आला. आई म्हणजे मामाची धाकटी बहीण.

"झालं का गं?"

"अठरा झाल्या."

"जेवलीस?"

"बिस्किटं खाल्ली."

"म्हणजे नाही जेवलीस. ... बोगदा आहे का त्यात?"

"आहे. शेवटी ठेवलाय."

आई म्हणाली, "तो आमचा दोघांचा. दादाची बोटं जाड, एका वेळी दोन बटणं दाबायचा. म्हणून तो सांगायचा आणि मी टाइप करायचे. आधी ओळीचा नंबर, दहा, वीस, तीस असा, मग ओळ. एक सांगितली की थांबायचा. माझी झाली की मी 'हं' म्हणायचे. हं म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. मी पाणी प्यायला उठले तरी तसाच बसून राहायचा, भिंतीकडे बघत."

"मग पुरा का नाही केलात?"

"तीनशे वीस नंबरच्या ओळीपर्यंत आलो होतो. तेवढ्यात माझं लग्न ठरलं. म्हटलं, सुट्टीत येऊन करू. ... मग प्रत्येक सुट्टीला काहीतरी निघायचं. तू झालीस, तुझे बाबा आजारी. दादा कधी बोलला नाही. दर वेळी निघताना नुसता विचारायचा, 'पुढच्या वेळी?'"

"आई, एकट्यानं का नाही केला त्यानं?"

"त्याला काय अवघड होतं. नाही केला." मग दमल्यासारखी म्हणाली, "बाकीचं जाऊ दे बाई सगळं भंगारात. तेवढा एक आणून दे मला."

एक वाजून चाळीस मिनिटांनी तिसावी कॅसेट संपली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालेलं. तिनं 'बोगदा' लावली. लॅपटॉपवर लाल ठिपका सुरू केला. अंगठा टेकवला. दाबला. आज पहिल्यांदाच दोन बटणं खाली गेली. तिला कळलं नाही. डोकं टेबलावर टेकलं, म्हटलं पाचच मिनिटं.

खट्.

बटणं वर उडाल्याच्या आवाजानं ती जागी झाली. दोन वाजून दहा. पूर्ण बाजू संपली होती.

लॅपटॉपवर शिट्टी नव्हती. काहीच नव्हतं. सरळ रेघ. ती रेघेकडे बघत राहिली. मग रेकॉर्डरकडे. मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

मामाची जाड बोटं तिच्याच हाताला आली होती, आणि तिनं बोगदा पुसला होता. जगात एकच प्रत. आईनं मागितलेली एकच गोष्ट. न पुसण्याचं शिक्षण घेऊन आलेल्या मुलीनं अर्ध्या तासात झोपेत पुसून टाकली होती.

रडली नाही. रडायलाही ताकद लागते. कुठे तुकडा तरी उरला असेल, या आशेनं कॅसेट मागे नेली आणि लावली. या वेळी बघून. एकच बटण.

शिट्टी नाही. खोली ऐकू येत होती. या रेकॉर्डरला आत माइक असतो ना, त्यानं अर्धा तास तिची झोप रेकॉर्ड केली होती. तिचा श्वास. रस्त्यावरून गेलेली एक मोटरसायकल. लांब कुत्रं. पुन्हा श्वास.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

खोलीत खुर्ची एकच होती. तिच्यावर ती बसली होती.

मग कुणीतरी खोकलं. दमून. आणि म्हणालं,

"दहा. पडदा पूस."

तो आवाज तिनं संध्याकाळपासून तीस वेळा ऐकला होता.

शांत. टेप फिरत होती. तिचा श्वास.

"दहा. पडदा पूस."

शांत. किती वेळ ते तिला सांगता येत नाही. काउंटरचे आकडे सरकत होते.

"दहा..." पुन्हा. रागावून नाही. थकून. "पडदा पूस."

आणि मग नुसती वाट बघणं. टेपमध्ये वाट बघणं ऐकू येतं का, विचाराल. तिला येत होतं. कुणीतरी भिंतीकडे बघत बसलेलं ऐकू येत होतं.

तिच्या तोंडून निघून गेलं. ठरवून नाही. अगदी हळू.

"हं."

"वीस," रेकॉर्डर म्हणाला. "रंग हिरवा."

...

माझं ऐका, त्या जागी मी असतो तर जिना न उतरता खिडकीतून गेलो असतो. तिनं काय केलं? पेन घेतलं. कॅसेटींच्या खोक्याचं झाकण ओढलं पुढ्यात. लिहिलं. अक्षर वाचवत नाही. मग म्हणाली,

"हं."

"तीस."

"... हं."

"चाळीस."

एकदा तिचं पेन अडकलं. ती थांबली. टेप फिरत होती. आवाजही थांबला. तिनं पेन झटकलं. लिहिलं. हं म्हटलं. मगच पुढची ओळ आली.

"एकशे चाळीस... नाही. चुकलं. पुन्हा घे. एकशे चाळीस."

"हं."

मागे बघितलं नाही. खुर्चीच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं, की तो टेपमधलाच तिचा होता... बघितलं नाही.

तीनशे दहा. हं.

तीनशे वीस. हं.

इथे तो थांबला. बराच. इथपर्यंतच आले होते ना दोघं. इथून पुढे कुणीच कधी टाइप केलं नव्हतं.

"... पुढे?" आवाज म्हणाला.

तिनं पेन झाकणावर टेकवलं. मान हलवली. नुसती मान. टेपला मान दिसते का?

"तीनशे तीस," आवाज म्हणाला.

चारशे ऐंशीला झाकण भरलं. "चारशे ऐंशी. संपलं."

"हं," ती म्हणाली.

मग खूप मोठा श्वास. ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तसा.

खट्.

चार वाजून काहीतरी झालं होतं. कॅसेटची बाजू अर्ध्या तासाची. हिशेब तुम्हीच करा. तिनं धीर करून पुन्हा मागे नेली, पुन्हा लावली. श्वास. मोटरसायकल. कुत्रं. श्वास. बास. शेवटपर्यंत दुसरं काही नाही.

स्वप्न पडलं म्हणू या. दमलेलं माणूस झोपेत लिहितंही. मीही तिला तेच म्हणालो. सकाळी सातला मी शटर वर करत होतो, तर ही पायरीवर बसलेली. मांडीवर ते झाकण, हातात कॅसेट. चेहरा असा, की चहासुद्धा विचारायला नको वाटावं. सगळं सांगितलं. मी म्हटलं, "बाई गं, तू झोपेत होतीस."

"असेन," ती म्हणाली. "पण काका, हिची टॅब शाबूत होती. म्हणून तर पुसली गेली."

कॅसेट मला दाखवली. टॅब नव्हती. मोडलेली. तुटल्याची कड पांढरी, ताजी. तुकडा तिनं टेबलाखाली, सतरंजीखाली, केर काढून शोधला होता. मिळाला नव्हता.

ती उठली.

"तुमच्या मागच्या खोलीत जागा आहे ना?"

"आहे. जळमटं आहेत."

"भंगारवाल्याला परत पाठवते. यंत्रं इथे आणून ठेवू. सगळी. जे चालत नाही ते तुम्ही शिकवाल तसं मी दुरुस्त करेन. येणारी पोरं त्यांच्यावरच खेळतील, सोंगावर नाही."

"आणि तुझं ते मोठं काम? परत जायचं होतं ना तुला?"

"आज कळवते त्यांना, येत नाही म्हणून." मग झाकणाकडे बघत म्हणाली, "मामाचं यंत्र आधी सुरू करू. हे मी टाइप करणार नाही काका. आईला बोलावलंय. दुपारच्या गाडीनं येतेय. मी सांगेन, ती टाइप करेल."

मागच्या खोलीत बसून आता जो बोगद्याचा खेळ खेळून आलात ना तुम्ही, तो तोच. दोघी मायलेकींनी तीन संध्याकाळी बसून टाइप केला. मी इथून हं, हं ऐकत होतो.

पण ते नंतरचं. त्या सकाळी ती भंगारवाल्याला गाठायला गेली आणि मी एकटा राहिलो. मनात आलं ते येऊ नये असं होतं. दुकानाची किल्ली एकच, रात्री माझ्या उशाखाली असते. खण उघडला. डबी काढली.

ही घ्या. ओता टेबलावर, मोजा. तीस हव्यात.

मी त्या दिवशी दोनदा मोजल्या. एकतीस. सगळ्यांच्या कडा धुळीनं काळ्या पडल्यात, एक सोडून.