उसातला पाय

विवेकापुढं कुठलंही भूत टिकत नाही, हे मी चाळीस वर्षं विनोदी लेखांतून छापून आणलं. मग आमच्या मेहुण्यांच्या नसलेल्या पायाला खाज सुटली आणि ती खाजवायला मीच वाकलो.

मेहुणे म्हणजे लालासाहेब, उंब्रजचे निवृत्त सुभेदार. मधुमेहात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. "इतकी वर्सं ऊस मी लावला, साखर मलाच लागली," एवढंच म्हणाले. कापलेला पाय दवाखान्यानं कापडात गुंडाळून दिला. आपला पाय आपल्याच रानात, अशी आज्ञा झाली, म्हणून त्यांच्या मुलानं, जयराजनं, तो उसात पुरला. तिथली माती मऊ.

उपचारांसाठी ते सांगलीला, विश्रामबागेत आमच्याकडं राहिले. दुखायचा, खाजायचा तो गेलेलाच पाय.

"दाजी, बोटांभवती मुळ्या आवळल्यागत व्हतंय."

फिजिओथेरपीच्या महेजबीनताई घरी येत. "मेंदूला पाय गेल्याचं कळलेलं नाही. ऑपरेशनआधीच दुखणं दाबायला हवं होतं. तुम्ही उशिरा आलात."

"म्हंजे हेडक्वार्टरला कळवायचं ऱ्हायलं," लालासाहेब म्हणाले. मग हळूच, "डाक्टरला सांगा, अजून वरनं कापा. झोप न्हाई ओ."

"वरून कापून थांबेलच असं नाही. गुडघा मात्र जाईल."

ताईंनी आरसा दिला. दोन पायांमध्ये उभा धरायचा. उजवा पाय हलवत आरशात बघायचं. मेंदूला वाटतं, डावाच मोकळा झाला. आठवडाभर केलं. मेंदू फसेना.

एका दुपारी लालासाहेब ओरडले, "पाणी आलं! पाय गार पडला!"

मी हसलो आणि जयराजला फोन लावला. त्याच्या मागं पाण्याचा आवाज येत होता.

"व्हय आतोबा, आत्ताच उसाला मोटर सोडली. का वं?"

"सहज."

शेतीची वीज कधी येते हे जुन्या शेतकऱ्याला पाठच असणार. या खुलाशावर मी रात्रीचं जेवलो. दोन घास कमी.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून आरसा धरला. उजवा पाय सकाळीच मी धुऊन, नखं कापून दिली होती.

आरशातला पाय घोट्यापर्यंत चिखलात होता.

मी अलीकडं पाहिलं. स्वच्छ. आरशात पाहिलं. चिखल, आणि बोटांत पांढरी बारीक मुळं.

"पाय थांबवा, लालासाहेब."

त्यांनी थांबवला.

आरशातली बोटं एकेक करून उलगडत राहिली.

"सुटलं," ते म्हणाले. कपाळावरची आठी गेली होती. "आता वर कापायला नगं. आज झोपतो, दाजी."

मी आरसा काढायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या तसाच. आनि तेवढं नेलकटर द्या."

"सकाळीच कापली की."

"ती ह्या पायाची. त्या पायाची लय वाढल्यात."