रुमालाखालचा भाव

"रेडकू चोरीला गेलंय, मॅडम! आन् म्हस कासंला हात लावू दीना. लगोलग या!"

गडमुडशिंगीच्या सयाजीचा फोन होता. साल एकोणीसशे नव्याण्णव, मंगळवारची सकाळ. सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर संयोगिता इंगवले यांनी चहा तसाच ठेवला आणि स्कूटर काढली.

सयाजीच्या अंगणात निम्मं गाव लोटलं होतं. हवालदार चौगुले खाटेवर कोरा कागद घेऊन बसले होते. भिंतीला पाठ लावून एक पोरगा उभा होता. कॉलर फाटलेली, ओठ सुजलेला.

"हा कोण?"

"चोर, दुसरं कोण!" सयाजी गरजला. "कोडोलीचा हाय. धम्मपाल म्हणं. काल बाजारात ह्याचीच म्हस घेतली. सांजच्याला परत आलता, गोठ्याभोवती घुटमळत हुता. मी येडा, 'पावणं, च्या घेऊन जावा' म्हणलो की त्याला! सकाळी बगतोय तर रेडकू गायब. कोडोलीला जाऊन उचलून आणला."

"कशाला आला होतास रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईनं धाडलं, मॅडम. नव्या जागंला म्हस वैरण खाती का बगून ये म्हणली. तिला जेवण ग्वाड लागंना. मी दारातनंच बगून फिरलो."

"आणि रेडकू?"

"कुठलं रेडकू?"

झालं! अंगणात एकच गिल्ला उठला. बघा, पोरगं किती निर्ढावलंय! अहो, नाव ऐकताच ज्याचा निकाल लागलेला असतो, त्यानं खरं बोलावं तरी कसं? त्याचं खरंसुद्धा लोकांना उर्मट वाटतं.

चौगुल्यांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं.

"बाई, पोरगं पोलीस भरतीत निवडलं गेलंय. चारित्र्य पडताळणी व्हायचीय. आज मी चोरीचा गुन्हा लिवला, की नोकरी गेली समजा. हात चालंना म्हणून बसून ऱ्हायलोय. पण फिर्यादी हटंना."

"जरा वेळ थांबा," डॉक्टर म्हणाल्या आणि गोठ्यात शिरल्या.

म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. डॉक्टर तिच्याकडे बघत नुसत्याच उभ्या राहिल्या.

"रात्री ओरडत होती का?"

"न्हाय की. गुमान हाय."

"काल दूध दिलं?"

"बादली भरून! दाजींनी सोता पिळली. आज तांब्याभर बी न्हाय. रेडकू न्हाय म्हणूनच आटली की!"

"दाजी कोण?"

खांद्यावर रुमाल टाकलेला एक जाडजूड माणूस पुढं आला. कृष्णात. सयाजीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, घर शेजारचंच, धंदा जनावरांच्या बाजारात दलालीचा.

"सौदा तुम्हीच केलात?"

"व्हय. रुमालाखाली. रीतच हाय ती."

रीत अशी. दलाल विकणाऱ्याचा हात रुमालाखाली घेतो आणि बोटं दाबून भाव ठरवतो. मग घेणाऱ्याचा हात घेतो. कुठल्या हाताला काय कळलं ते त्या हातालाच ठाऊक. दोघांनी थेट बोलायचं नाही, बोललं की दलालाचा अपमान होतो.

"रेडकू दूध प्यालं होतं?"

"प्वाट फुटंस्तवर! पाजून बांधलं आन् मी शाहूवाडीला लग्नाला गेलतो. आत्ता सकाळच्या यष्टीनं आलोय. इचारा कुणालाबी."

ते खरं होतं. गावातली आणखी चार माणसं त्याच्याबरोबर त्याच लग्नात होती.

सयाजीची बहीण पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. आई गेली तेव्हा सयाजी रांगत होता, त्याला हिनंच वाढवलं.

"आक्का, तुम्ही काही बघितलंत?"

"मी कशाला गोठ्याकडं जातीया? गुडघं धरल्यात माझं." तिनं पदरानं डोळे पुसले. "उपाशीच गेलं बिचारं."

डॉक्टरांनी साबण, गरम पाणी मागवलं, हातात लांब मोजा चढवला आणि म्हैस आतून तपासली. हात धुवायला परड्यात गेल्या. कुंपणापलीकडे आक्काचा उकिरडा होता. त्यावर उसाचं ताजं पाचट अंथरलेलं होतं, एखाद्या अंथरुणासारखं नीट. दोन कोंबड्या एकच कोपरा उकरत होत्या.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"चौगुले, कागद ठेवा बाजूला. पोरगा खरं बोलतोय. ह्या म्हशीला रेडकू नव्हतंच."

"आता काय बोलावं!" सयाजी म्हणाला. "मी ह्या डोळ्यांनी बगितलंय!"

"रेडकू बघितलंत. ते हिचं नव्हतं. पोटचं पिल्लू रात्रीतून नाहीसं झालं, तर म्हैस हंबरून गाव उठवते, सयाजीराव. ही मजेत रवंथ करतेय. आणि ही तीन महिन्यांची गाभण आहे. गेल्या पंधरवड्यात व्याली म्हणून घेतलेली म्हैस तीन महिन्यांची गाभण कशी असेल, तुम्हीच सांगा."

डॉक्टर पोराकडे वळल्या.

"धम्मपाल, हिचं रेडकू कुठं गेलं?"

"संक्रांतीलाच मेलं, मॅडम. म्हस आटत आलीया, गाभण हाय, सगळं सांगितलं मी ह्या दलालास्नी. रविवारीच म्हस ह्यांच्या ताब्यात दिली. 'आटलेली म्हस कोण घेतंय, मिळंल ते घे' म्हणलं त्यांनी. बाजारात मी न्हवतोच."

"म्हणजे सोमवारी बाजारात हिच्याजवळ कुणी रेडकू बांधलं, ते ह्याला कळलंच नाही. तुम्ही उसनं रेडकू आणलंत, कृष्णातराव. रविवारपासून म्हैस पिळली नाहीत, कास तुंबवलीत. मेहुण्याला ताज्या व्यालेल्या म्हशीचा भाव सांगितलात, ह्याला भाकड म्हशीचा. मधलं तुमच्या रुमालात राहिलं."

कृष्णातला लाज नव्हती, राग होता.

"बाजार हाय त्यो! जो तो आपलं बगतोय. त्यांनी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. ह्यात चोरी कसली?"

"विचारणार कुणाला? दोघांनी एकमेकांशी बोलायचंच नाही, ही रीतही तुमचीच."

सयाजी हळूहळू धम्मपालसमोर गेला. ज्याची म्हैस घेतली, त्याला त्यानं पहिल्यांदाच सरळ विचारलं.

"तुला किती मिळालं, पोरा?"

धम्मपालनं सांगितलं. सयाजीनं मोजले होते त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते.

"पर मग रेडकू नेलं कुणी?" चौगुल्यांनी विचारलं. "कृष्णात तर लग्नात हुता."

डॉक्टरांना ते बोलावंसं वाटत नव्हतं. पण पोराच्या आयुष्याचा प्रश्न होता.

"आक्का, रेडकू पोटभर प्यालं असं तुमचे मालक म्हणाले. सगळेजण 'नेलं, नेलं' म्हणत होते. तुम्ही एकट्याच म्हणालात, उपाशी गेलं. ते उपाशी होतं हे तुम्हाला कसं कळलं? आणि गेलं म्हणजे चोरीला गेलं नव्हे. मेलं. तुमच्या उकिरड्यावर पाचट कशाला अंथरलंय?"

आक्का बोलली ती इतकी हळू, की मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

"फाटंला त्याचा आवाज थांबला म्हणून उठली. बगितलं तर थंडगार. कवापासनं उपाशी हुतं कुणाला ठावं. म्हस त्याला हुंगत बी न्हवती. तवाच वळाखलं, ही ह्यांचीच करणी. वाटलं, पुरलं की मिटलं. घर तरी ऱ्हाईल."

"आणि ह्या पोराचं नाव आल्यावर?"

"आल्यावर..." आक्कानं धम्मपालकडे बघितलं. "वाटलं, दुसऱ्याचं लेकरू हाय."

पोराला मारणारेही तिथंच होते, आता ते पायताणं शोधत होते.

"आक्के," सयाजी म्हणाला. तो लहान पोरासारखा रडायला लागला.

चौगुले खाकरले. "सयाजीराव, फिर्याद मागं न्हवं?"

"मागं."

"सुटलास रे पोरा. जा घरला."

धम्मपाल हलला नाही. "साहेब, मला आमच्या आळीतनं मारत आणलं. आई मागनं पळत हुती. ती फिर्याद कोण मागं घेणार?"

चौगुल्यांनी कोरा कागद पुन्हा पुढ्यात ओढला.

"मग नवी लिवायची का? आरोपी म्हणून कुणाचं नाव घालू?"

सयाजीनं बहिणीकडे बघितलं आणि मान फिरवली. कृष्णातनं रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "हिच्या भावाच्यानं न्हाय हुणार ते," तो म्हणाला आणि निघालाच.

"थांबा," आक्का म्हणाली. तिनं पदर डोक्यावर सारखा केला. लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं नाव तिनं भर अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं.

"लिवा, हवालदार. कृष्णात रामू खोत. आन् त्याच्याखाली माझं."