जिथे पाणी निश्चित आहे

राजारामपुरीतील आमच्या घराच्या माडीवर गेल्या वैशाखापासून संयोगिता भाड्याने राहते. ती मूळची गडमुडशिंगीची. नावेच्या तळाभोवतून पाणी कसे वाहते याचे गणित संगणकावर मांडणे हा तिचा व्यवसाय, आणि तो ती घरी बसूनच करते. खाली मी एकटा. उभे आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेले की बोलण्याची सवय मागे राहते, ऐकणारे मात्र निघून जातात. समोरचा क्लास सुटला की गल्लीत दुचाकींचा गलका होतो. तो ओसरला की माडीवर तिच्या खुर्चीची चाके फरशीवरून फिरल्याचा आवाज ऐकू येतो. त्या आवाजाची मला सोबत वाटू लागली होती.

कार्तिकातील एका दुपारी ती जिन्यातून डोकावली.

“गुरुजी, एक शब्द पाहिजे. कंपनीला माहितीपत्रक मराठीत करायचंय. मेशला काय म्हणायचं?”

“ते काय असते ते सांग, म्हणजे शब्द देतो.”

“वर या की मग. दाखवतेच.”

पडद्यावर एक नाव होती, आणि तिच्या भोवतीचे सारे पाणी तिने बारीक रेषांनी लहान लहान घरांत विभागले होते. नावेपासून दूरची घरे मोठी, जवळ येतील तसतशी लहान, आणि तळाला लागून तर इतकी सूक्ष्म की रेषा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसत. प्रत्येक घरातील पाण्याचा वेग आणि दाब निराळा काढायचा व शेजारच्या घराशी जुळवायचा, असे तिने सांगितले.

“याला जाल म्हणता येईल,” मी म्हणालो.

“म्हणजे जाळंच. एवढं इंजिनिअर होऊन शेवटी जाळंच विणायचं? आमचा कृष्णातमामा हसंल मला.”

मग तिने नावेचे चित्र पडद्यावरून काढून टाकले. जाळे तसेच राहिले. त्याच्या मध्यभागी नावेच्या आकाराची पोकळी होती.

“खरं तर ह्यात होडी नसतेच, गुरुजी. जाळं पाण्याचं असतं. पाणी जिथं नाही, ती होडी.”

न्यायशास्त्रात अभाव हाही एक पदार्थ मानला आहे. रिकाम्या जमिनीकडे पाहून ‘येथे घट नाही’ असे आपणांस कळते, ते काही दिसले नाही म्हणून नव्हे. घटाचे नसणे दिसते म्हणून कळते. हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. रेषांनी काढलेला अभाव मात्र त्या दिवशी प्रथम पाहिला, आणि माझे हात नकळत जोडले गेले.

“आता एक बिंदू द्यावा लागतो,” ती म्हणाली. “आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे ह्याला कळत नाही. म्हणून जिथं पाणी आहेच आहे अशी एक जागा सांगायची. तिथनं हे पसरत जातं. पोचेल तिथवर पाणी, न पोचेल ते सोडून देतं. तुम्हीच दाखवा, कुठं पाणी नक्की आहे?”

फारसा विचार न करता मी नावेच्या मागे, डाव्या अंगाला, बोट टेकवले.

“एवढी खात्री?” असे म्हणून हसत तिने ती जागा नोंदवली.

माझी पत्नी विमला दोन हजार एकोणीसच्या महापुरात गेली. ‘गेली’ हा शब्द मी सोयीसाठी वापरतो. पंचगंगेच्या काठी तिच्या माहेरच्या गावात पाणी शिरले, तेव्हा माणसांना परगावच्या होड्यांतून बाहेर काढले; मी इकडेच अडकलो होतो. विमला होडीत बसलेली सर्वांनी पाहिली होती. होडी उलटली नाही, कलली नाही, कोणी पाण्यात पडल्याचा आवाज झाला नाही. ती काठाला लागली तेव्हा विमला तिच्यात नव्हती. पूर ओसरल्यावर दोन्ही काठ शोधले. देह मिळाला नाही.

देह न मिळालेल्या मनुष्यासाठी शास्त्रात विधी आहे. पळसाच्या पानांचा देह रचतात, त्याला त्या मनुष्याचे नाव देतात आणि अग्नी देतात. शास्त्र बारा वर्षे थांबायला सांगते, कायद्याला सात पुरतात. माझा मुलगा सौमित्र पुण्यास असतो. दर रविवारी त्याची दूरध्वनीवर एकच विनंती असे.

“बाबा, बारा वर्षं थांबू नका. तुमच्या डोळ्यांदेखत होऊ दे आईचं. तुम्ही फक्त हो म्हणा.”

माझ्या होकारावाचून तो विधीला बसणार नव्हता. आणि पानांना विमला म्हणण्यापूर्वी ‘विमला नाही’ हे मला म्हणता यायला हवे होते. अभाव शिकवण्यात जन्म घालवलेल्या मला तेवढे एक वाक्य साधत नव्हते. मागच्या पडवीत मी अजून दोन पाट मांडून जेवत असे. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येई, म्हणून डावा कान माझ्याकडे करून, मान किंचित कलती ठेवून ती समोर बसे. तिच्या भिंतीवरील छायाचित्रालाही मी हार घातला नव्हता.

पुढच्या आठवड्यात संयोगितेने मला पुन्हा वर बोलावले. जाळ्यात नावेच्या पोकळीमागे, काही अंतरावर, आणखी एक पोकळी राहिली होती. पडद्यावर ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती.

“होडी लेझरनं मोजली ना, त्यातला कचरा असणार,” ती म्हणाली आणि तो कचरा तिने पुसून काढला.

दुसऱ्या दिवशी जाळे नव्याने विणले तेव्हा पोकळी लिंबाएवढी झाली होती, आणि मी दाखवलेल्या बिंदूकडे सरकली होती. तिच्या सभोवार घरे आपोआप सूक्ष्म झाली होती.

“पाण्याला काहीतरी आडवं आलं की तिथली घरं हे आपणहून बारीक करतं,” ती पडद्याजवळ वाकून म्हणाली. “पण आडवं यायला तिथं काही नाहीच की.”

“ही होडी कोणाची?” मी विचारले.

“कृष्णातमामाची. जुन्या वळणाची होडी पाहिजे होती मोजायला. गोठ्यामागं पालथी पडलेली असते. पुरात गावोगावची लई माणसं काढली हिनं.”

मी जिना उतरून खाली आलो.

गुरुवारी कृष्णात स्वतःच आला. भाचीसाठी त्याने काकवीची बरणी आणली होती. संयोगिता बाजारात गेलेली असल्याने मी त्याला पडवीत बसवले.

“आमच्या होडीचा एक्स-रे काढलाय म्हनं तिनं,” तो म्हणाला. “माझ्या गुडघ्याचा काढा म्हणतोय कवापास्नं, त्याचं कुणाला न्हाय.”

मी चहा पुढे केला. कप ओठाशी नेताना त्याची दृष्टी भिंतीवर गेली, आणि कप त्याने तसाच खाली ठेवला.

“ह्या तुमच्या व्हय, गुरुजी?”

“होय.”

“माझ्याच होडीत हुत्या.” बराच वेळ तो तळहात चोळत राहिला. “मागल्या फळीवर बसलत्या. मांडीवर पितळंचा डबा. म्या म्हणलं, वैनी, डबा खाली ठेवा आन् कडंला धरून बसा. तर म्हणाल्या, आत देव हायत, पायाशी कसं ठेवू?”

“पुढे?”

“म्होरं झाड आडवं आलं. म्या बांबू लावला, आन् वळून बघतोय तर फळी मोकळी.” त्याने आवाज उतरवला. “एक गोष्ट हाय. कुणालाच बोललो न्हाय मी. वरनं पाऊस नुसता वतत हुता. होडीत घोट्याएवढं पाणी, समदी माणसं चिंब. आन् त्या बसलत्या तेवढी फळी कोरडी. काठाला लागस्तवर कोरडीच, गुरुजी. पाऊस पडत हुता की तिच्यावर. पर भिजंना.”

त्याने निवलेला चहा एका घोटात संपवला.

“माझा राग आला असंल तुम्हाला.”

“नाही. सांगितलेत हे बरे केलेत.”

तो गेल्यावर मी शांतपणे विचार केला. फळीला तेलरंग असेल, त्यावर पाणी ठरत नसेल. मुख्य गोष्ट एवढीच की रिकामी फळी एका मनुष्याने प्रत्यक्ष पाहिली होती. विमलेच्या नसण्याला साक्षी मिळाला होता. त्याच सायंकाळी मी सौमित्राला होकार कळवला. दूरध्वनीवर तो रडला. मी रडलो नाही. रात्रीच्या जेवणाला मी एकच पाट मांडला.

मार्गशीर्षातील अमावास्या ठरली.

तिच्या काही दिवस आधी संयोगिता खाली आली. केस विंचरलेले नव्हते.

“होडीच काढून टाकली, गुरुजी. नुसतं पाण्याचं चौकोनी टाकं ठेवलं. बिंदू तुमचाच. बघता का?”

पडद्यावर पाण्याची सारी घरे एका आकाराची, एका ओळीची होती, शेतात वाफे असावेत तशी. अडथळा म्हणून तिथे काहीच ठेवलेले नव्हते. तरी पोकळी होती. ती आता उभट झाली होती, आणि बिंदूला तिची कड लागत होती.

“यंत्र बदलून बघितलं,” ती म्हणाली. “पुण्याच्या मैत्रिणीला पाठवलं. तिच्याकडं पण असंच येतंय.”

मी बिंदू बदलण्यास सांगावयास हवे होते. सांगितले नाही.

अमावास्येच्या आदल्या दुपारी तिने जिन्यातून हाक मारली. नेहमीची हाक नव्हती ती.

मी वर गेलो. खिडकीतून ऊन टेबलावर पडले होते. खाली कोणी रिक्षावाला सुट्या पैशांवरून हुज्जत घालीत होता.

पडद्यावर पाणी नव्हते.

टाके नव्हते, वाफे नव्हते. काळ्या पटावर एकच आकृती होती, आतून बाहेरून सूक्ष्म घरांनी भरलेली. पानांवर पाने रचावीत तशी ती घरे एकमेकांवर बसली होती.

आकृती बसलेली होती. गुडघे जवळ ओढलेले. मांडीवर काही गोल वस्तू, तिच्याभोवती दोन्ही हात.

मान किंचित कलती. डावा कान पुढे.

“उलटं झालंय,” संयोगिता हळू म्हणाली. “तुमचा बिंदू आता पाण्यात राहिला नाही. तिच्या आत गेलाय. म्हणून ह्यानं तिलाच पाणी धरलं, आणि खरं पाणी सोडून दिलं.”

‘तिच्या’ असे ती म्हणाली. मी तिला कधी काही सांगितले नव्हते. शब्द उच्चारल्यावर तिच्याही ते ध्यानी आले, आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहत राहिलो.

तिने ते सगळे पुसून टाकले.

“मी चार दिवस गावी जाते,” पिशवी भरताना ती म्हणाली. “तुम्ही पण चला की. आई गरम भाकरी घालंल. एकटं नका राहू इथं.”

“उद्या सौमित्र येतो आहे.”

ती गेली. माडीवर खुर्चीची चाके फिरेनाशी झाली.

सकाळी सौमित्र आला. पळसाच्या पानांचा भारा त्याने बाहेरच्या खोलीत ठेवला. उपाध्ये येऊन बसले होते. पाने पुसून लावण्यासाठी स्वच्छ जागा हवी, म्हणून मी मागची पडवी धुवायला घेतली.

बादली कलती केली. पाणी फरशीवरून पसरत गेले, आणि मध्येच दुभंगले.

एका जागेला त्याने दोन्ही बाजूंनी वळसा घातला. पलीकडे ते पुन्हा एक झाले. मध्ये पाटाएवढी फरशी कोरडी राहिली.

मी पुन्हा पाणी ओतले, अगदी त्या जागेवरच. ते कडेला सरकले.

कोरड्या जागेपुढे आणखी दोन लहान जागा कोरड्या होत्या. पावलांच्या. बोटे माझ्याकडे होती.

“बाबा,” बाहेरून सौमित्राचा आवाज आला, “उपाध्ये विचारतायत. आणू का पानं?”

“थांब. फरशी वाळू दे.”

तो दारात येऊन उभा राहिला. त्याला ओली पडवी दिसली, आणि रिकामी बादली हाती घेतलेला त्याचा वृद्ध पिता दिसला.

“बाबा, काय झालं?”

“भारा सोडू नकोस. उपाध्यांची क्षमा माग. ती नाही, असे मला म्हणता येणार नाही.”

“तुम्ही हो म्हणाला होतात.”

“होय.”

तो वळून बाहेर गेला. खालच्या आवाजातले बोलणे ऐकू आले, आणि मग फाटकाची कडी वाजली. मी माझा पाट आणला आणि त्या जागेसमोर मांडून बसलो.

ऊन पडवीत उतरले. फरशी कडांकडून वाळत आली, भिंतीलगत, उंबऱ्यापाशी, माझ्या पाटाभोवती. शेवटचा ओलावाही उडाला.

मग पडद्यावर झाले होते तसे उलटे झाले: ती जागा आणि ती दोन पावले, तेवढीच, हळूहळू ओली होऊ लागली.